मखमलीचे चाकर

"हत्तीण विका!" भानोजीराजे गरजले. "आम्हाला मेघथांगला जायचंय!"

मेघथांग म्हणजे दूर उत्तरेचा डोंगराळ मुलूख. कड्यांना चिकटलेले बौद्ध मठ, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका, आणि ढग चक्क पायाखाली! वर्णनं ऐकून राजांची झोप उडाली होती. पण तिथला कायदा मोठा तिखट. परक्या पाहुण्यानं प्रत्येक मुक्कामाला माणशी एक सोन्याची मोहर पट्टी भरायची. आणि सोनकुंडचे हे राजे असे चिक्कू, की शिंक आली तरी आवरून धरतील, म्हणतील उद्या उपयोगी पडेल!

दरबारानं डोकी खाजवून पाहिली होती. "मुक्कामच करू नये," सेनापती म्हणाले. "रात्री चालावं, दिवसा झोपावं." राजवैद्य म्हणाले, "महाराजांनी डोळे मिटून फिरावं. काही पाहिलंच नाही, तर पट्टी कसली?"

शेवटी दिवाण रंगोपंतांनी घसा खाकरला होता. "महाराज, म्हातारी मखमल हत्तीण दहा जणांचं खाते. लाकूडवाला व्यापारी तिच्यासाठी थैलीभर मोहरा देतोय. ओंडके ओढवून घेईल मरेपर्यंत. आपली सहल फुकटात!"

राजांचा तो हुकूम दाराशी उभ्या हौसानं ऐकला. हौसा म्हणजे सटवा माहुताची लेक. बाप गुडघ्यांनी अधू झाल्यापासून मखमलीला न्हाऊ घालणं, चारा घालणं, रुसली तर समजूत काढणं, सगळं तिच्याकडे. लहानपणी ती चालायला शिकली तीच मुळी मखमलीची सोंड धरून.

ती तडक पुढे आली. "म्हाराज, मखमलीला इकू नका. संगं घ्या! एक मोहर न मोडता मेघथांग दावते!"

"घ्या!" दिवाण हसले. "दोन पायांची पट्टी परवडेना, ही चार पायांचं ओझं बांधतेय!"

राजांना मात्र 'एक मोहर न मोडता' एवढंच ऐकू आलं होतं. "कबूल! पण आम्ही जाणार राजाच्या थाटात. हत्तीवर बसून, वाजतगाजत, आणि गावोगाव लोकांनी हात जोडले पाहिजेत. मोहर गेली किंवा थाट उणा पडला, तर हत्तीण लाकूडवाल्याची!"

"कबूल. फकस्त शिवेवर मी सांगंन तेच बोलायचं."

हौसाला एक गोष्ट ठाऊक होती. दर थंडीत मेघथांगचा एक घोंगडीवाला सोनकुंडला यायचा, आणि माल सोडण्याआधी मखमलीपुढे लोटांगण घालायचा. "आमच्याकडे दारोदार एक चित्र असतं," त्यानं सांगितलं होतं. "खाली हत्ती, त्यावर माकड, त्यावर ससा, सगळ्यांत वर पाखरू. फार पवित्र चित्र! पण जिता हत्ती आमच्यात कुणी पाहिलेला नाही."

राजे, चुका शोधायला दिवाण, आणि हौसा, असे तिघं मखमलीसह धापा टाकत खिंडीतल्या वेशीवर पोचले.

"पाहुणे किती?" नाकेदारानं खालमानेनं विचारलं.

"पाव्हणी एकच, ही मखमल. आमी तिघं तिचे चाकर. चाकरांना पट्टी असती का?"

"चाकरांना नाही." नाकेदारानं मान वर केली. "पण हा मोत्यांच्या फेट्यातला चाकर?"

राजे लालबुंद झाले. हौसा कानाशी कुजबुजली, "एक मोहर, म्हाराज. दर मुक्कामाला."

"मी मखमलीचा चाकर!" राजे खणखणीत ओरडले. "शेण काढतो!"

तेवढ्यात नाकेदाराची नजर मखमलीवर गेली. मग वेशीवरच्या चित्रावर. मग पुन्हा मखमलीवर. त्यानं गपकन हात जोडले. "हिच्याकडून पट्टी घेतली, तर बायको मला घरात घेणार नाही!"

झालं! बातमी डोंगर उतरून पुढे पळाली. पहिल्याच गावात लांबलचक कर्णे वाजले, ढोल घुमले. एक म्हातारी मखमलीकडे निरखून बघत म्हणाली, "हत्ती आला. पण वरचं माकड कुठंय?"

साऱ्या गावाचे डोळे राजांकडे वळले.

त्यानंतर गावोगाव हाच सोहळा. मखमलीवर भानोजीराजे, राजांच्या खांद्यावर कानांना मुळ्याची पानं बांधलेले दिवाण, आणि दिवाणांच्या डोक्यावर गावातली कोंबडी! एका गावी कोंबडीनं दिवाणांच्या पगडीत अंडं घातलं. राजांनी ते जमेस धरलं. मठामठातून लाल भात आला, डोळ्यांतून पाणी काढणारी मिरच्यांची भाजी आली, मीठ-लोणी घातलेला चहा आला. "चहात मीठ!" राजे किंचाळले. मग तो फुकट आहे हे आठवून चार वाट्या प्यायले.

सोनकुंडला परतताच दिवाणांनी पगडी झटकली. "महाराज, मोहर वाचली. पण थाट उणा पडला! आपण राजे म्हणून कुठे फिरलात? हत्तिणीचे चाकर म्हणून फिरलात, माकड होऊन! अट मोडली. लाकूडवाला बाहेर थैली घेऊन उभा आहे."

थैली म्हणताच राजांचे डोळे लकाकले. "ते खरंच, पोरी. हत्तीण विकावी लागणार!"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

"इका की! पन एवढं सांगा. तुमी राजे म्हनून फिरला, तर नाकेदाराशी खोटं बोलला. आधी तुमची नि दिवाणजींची, दर मुक्कामाची मोहर मेघथांगला धाडा. आन् चाकर म्हनून फिरला असाल, तर म्हाराज, चाकर मालकिणीला इकतो व्हय?"

राजे बोटांवर मुक्काम मोजू लागले. हाताची बोटं संपली. त्यांनी जोडे काढले. पायाचीही संपली, तेव्हा ते दिवाणांच्या बोटांकडे वळले, आणि एकदम खो खो हसत सुटले.

"चाकर! आम्ही चाकरच! त्या लाकूडवाल्याला हाकला! हौसा, मखमल आजपासून तुझी. तिच्या चाऱ्याला नदीकाठचं कुरण तुझ्या नावे. आणि ते राखायचं काम दिवाणजींकडे!"

हौसानं मखमलीची सोंड घट्ट कवटाळली आणि हमसून हमसून रडली.

"आता तुझ्या मालकिणबाईंना विचार," राजे डोळे पुसत म्हणाले, "आमचा पगार कधी?"

मखमलीनं विचार केला, आणि तोंडातला अर्धा ऊस काढून राजांपुढे धरला. राजांनी तो फेट्याला पुसला आणि फुकटचा म्हणून सगळा खाल्ला.