कणगीतलं पिल्लू

गावांना वेशी होत्या आणि वेशींना लाकडी दारं होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

एका नदीकाठच्या गावात, बांबूच्या बेटाला लागून, टोपल्या विणणाऱ्या एका माणसाचं घर होतं. सुपं, परड्या, रोवळ्या आणि धान्य साठवायच्या भल्यामोठ्या कणग्या तो विणायचा. हात चालायचा भराभर, तोंड मात्र क्वचितच उघडायचं. घरात तो आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी सोनकी, अशी दोनच माणसं. सोनकीची आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती.

सोनकीच्या आत्याला भावाचं हे सुनं घर बघवेना. तिनं पलीकडच्या गावातली तुळसा नावाची बाई भावासाठी पाहिली. तुळसाचं लग्नाचं वय कधीच उलटून गेलं होतं आणि ती आपल्या भावाच्या शेळ्या राखत होती. ती लग्नाला तयार झाली, पण एका अटीवर. ती म्हणाली, "सुगी संपेपर्यंत मी त्या घरात राहीन. तोवर पोरीला मी नकोशीच वाटले, तर भावाकडे परत जाईन. मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही."

असली अट आत्यानं जन्मात ऐकली नव्हती. पण टोपल्या विणणारा 'ठीक आहे' म्हणाला. वैशाखात लग्न झालं, आणि माहेरची एक शेळी बरोबर घेऊन तुळसा त्या घरात आली.

अट सोनकीच्या कानावर गेली होतीच. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की सुगीपर्यंत या बाईशी बोलायचं नाही. भांडायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, फक्त बोलायचं नाही. मग ती आपोआप जाईल आणि घर पुन्हा आईचं होईल.

लहान मुलांचे हट्ट असे साधे असतात, आणि मुलं ते नेटानं पाळतात. वैशाख गेला, पाऊसकाळ गेला, शेतं पिवळी पडू लागली, तरी सोनकीच्या तोंडून तुळसासाठी शब्द निघाला नाही. तुळसानंही तिला बोलायला लावलं नाही. सकाळी गरम भाकरी आणि भाजी ताटात वाढायची आणि आपण परसात निघून जायची. सोनकीच्या केसांसाठी तेलाची वाटी आणि फणी पायरीवर ठेवायची आणि नदीवर धुणं घेऊन जायची. एकदा बाप मुलीला रागे भरायला निघाला, तेव्हा तुळसानं त्याला हातानंच थांबवलं.

नवरात्र उठल्यावर गावातल्या तेलिणीच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सोनकीला कळलं. ती रोज ती पिल्लं बघायला जाऊ लागली. पिल्लं खेळती झाली, तसं एक करड्या रंगाचं, काटकुळं पिल्लू तिच्या मनात भरलं. तिनं बापाकडे मागितलं. पोरीनं कित्येक दिवसांत काही मागितलं नव्हतं, म्हणून बाप लगेच हो म्हणाला.

परकराच्या ओच्यात पिल्लू गुंडाळून सोनकी घरी आली. वाटभर ती ठरवत होती, की ते आपल्या मांडीवर झोपेल, आपल्या ताटाशी बसेल, हाक मारली की धावत येईल. ओचा सोडताच पिल्लानं चारी पाय झाडले. पडवीत एक कणगी आडवी पडली होती. पिल्लू तिच्यात शिरलं आणि पार तळाशी जाऊन बसलं.

सोनकीनं गोड आवाजात बोलावलं. ते आलं नाही. तिनं हात आत घातला, तर मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या. शेवटी तिनं कणगीचा तळ उचलून हलवला, पिल्लाला मानेला धरून बाहेर काढलं आणि गळ्यात सुतळी बांधून खांबाला अडकवलं. पुढ्यात दूध ठेवलं. पिल्लू दुधाकडे पाहीना. दिवसभर ते ओरडलं, आणि घसा बसल्यावर नुसतंच तोंड उघडू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुतळीतून मान सोडवून पुन्हा कणगीत गेलेलं दिसलं. तेव्हाही त्याच्या पोटात काही नव्हतं.

बापानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, की हे जगायचं नाही, याला त्याच्या आईकडे परत नेऊन सोड. सोनकी कणगीशेजारी बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून टिपं गळत होती.

तुळसा शेळीचं दूध काढून आत येत होती. सोनकीनं तिच्याकडे पाहिलं. इतके महिने पाळलेला हट्ट तिला त्या घटकेला आठवलासुद्धा नाही.

"ते मरेल का?" तिनं विचारलं.

तुळसानं दुधाचं भांडं खाली ठेवलं. पोर आपल्याशी बोलली याचं नवल तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "उपाशी राहिलं तर मरेल," ती म्हणाली. "भूक त्याला लागलीये. पण भुकेपेक्षा भीती मोठी आहे."

"मी तर त्याला काहीच करत नाही."

"तुला ते ठाऊक आहे. त्याला कुठं ठाऊक आहे? ते इथं आपल्या मनानं आलेलं नाही, त्याला आणलंय. आणलेल्या जिवाला घर आपलं वाटायला दिवस लागतात."

"किती दिवस?"

"ते त्याचं ते ठरवेल. तू दूध ठेव आणि आपल्या कामाला लाग."

मग तुळसानं तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मांजरी ज्या फडक्यावर निजते, ते तेलिणीकडून मागून आण आणि कणगीच्या तोंडाशी ठेव. आणि कणगीत डोकावू नकोस. भ्यालेल्या जिवाला आपल्याकडे लागलेले डोळे सोसवत नाहीत.

सोनकी पळत जाऊन फडकं घेऊन आली. तिनं दूध ठेवलं आणि दाराआडून बघत बसली. दूध तसंच राहिलं. संध्याकाळी तिनं वाटी बदलली, आणि या वेळी पडवीच्या दुसऱ्या टोकाला कणगीकडे पाठ करून बसली. बापानं सोलून ठेवलेल्या बांबूच्या कामट्या घेऊन ती एक छोटी परडी विणू लागली. परडीचा तळ पुरा झाला, तेव्हा मागं लपलप असा बारीक आवाज आला. सोनकीला मागं वळावंसं फार वाटलं, पण ती वळली नाही. आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळानं तिनं पाहिलं. वाटी कोरडी होती.

आता हे रोजचंच झालं. वाटी रिकामी व्हायची, पण पिल्लू काही दिसायचं नाही. पाच दिवस गेले, आठ गेले. सोनकी कंटाळली आणि तिला रागही आला. एवढं करून ते माझ्याकडे बघतही नाही, असं ती एकदा तुळसाला चिडून म्हणाली.

तुळसा भांडी घासत होती. ती म्हणाली, "बघतं. तू पाठ फिरवलीस की बघतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकी नेहमीसारखी एकटीच ताटावर बसली होती. भाकरी गरम होती, वर लोण्याचा गोळा विरघळत होता. तिनं घास मोडला आणि सहज मागच्या दाराबाहेर पाहिलं.

परसात तुळसा अळूच्या वाफ्याला पाणी घालत होती. वाफ्यात आधीच इतकं पाणी झालं होतं, की ते ओसंडून वाटेवर आलं होतं. तिचे पाय चिखलात रुतले होते, तरी ती घागर रिती करतच होती. घराकडे तिची पाठ होती.

सोनकीचा घास हातातच राहिला. वैशाखापासूनची एकेक सकाळ तिच्या डोळ्यांपुढून गेली. आपलं ताट वाढून झालं की ही बाई रोज बाहेर का जाते, हे तिला आता कळलं. आपणही रोज तिच्याकडे बघत होतो, तिची पाठ वळली की, हेही कळलं.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट कळली, ती फार बोचली. या घरात ती स्वतः तर जन्मली होती. भिंती तिच्या, अंगण तिचं, बाप तिचा. परक्या घरात आणलेली होती ती तुळसा. ना ओळखीचं माणूस, ना ओळखीचा आवाज, बरोबर काय ती एक शेळी. आणि तिच्यासाठी कुणी कधी वाटीभर दूध ठेवलं नव्हतं. उलट आणलेल्या बाईनंच घरच्या पोरीला इतके महिने सांभाळून घेतलं होतं.

सोनकी उठून परसात गेली. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "पुरे आता. अळू कुजेल."

तुळसानं वाफ्याकडे पाहिलं. "खरंच की," ती म्हणाली.

"आत चल. भाकरी निवतेय. तुझीपण."

त्या दिवशी दोघी एका वेळी जेवल्या. फार बोलणं झालं नाही. तुळसानं भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, सोनकीनं नाही म्हणून सांगितलं. दोघी पाणी प्यायल्या. पण आत कामट्या सोलत बसलेल्या बापानं कोयता खाली ठेवला आणि कितीतरी वेळ तो नुसता ऐकत राहिला.

पिल्लू बाहेर आलं ते पंधराव्या दिवशी. भर दुपारी, कुणी बोलावलेलं नसताना, ते कणगीतून निघालं, सोनकीच्या पाठीमागून पुढं आलं आणि अर्धवट विणलेल्या परडीत जाऊन बसलं. सोनकीनं हात हलवला नाही. घटकाभरानं त्यानंच आपलं डोकं तिच्या बोटांवर घासलं. तिनं त्याचं नाव कामटी ठेवलं, कारण ते होतंच तसं काटकुळं. पुढं ते खाऊन पिऊन चांगलं गुबगुबीत झालं, पण नाव तेच राहिलं.

सुगी उरकली. खळी रिकामी झाली. ठरल्याप्रमाणे आत्या आली. तुळसानं त्या सकाळी घर सारवलं, पाणी भरलं, आणि आपली दोन लुगडी एका गाठोड्यात बांधून दारापाशी ठेवली. अट तिनं घातली होती आणि शब्दाला ती पक्की होती.

आत्यानं सोनकीला पुढ्यात बसवलं. "पोरी, मोकळ्या मनानं सांग," ती म्हणाली. "ही बाई तुला या घरात हवी की नको?"

सोनकीनं गाठोड्याकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं.

"आत्या, सगळे मलाच विचारतात," ती म्हणाली. "तिला कुणी विचारलं का? आमचं घर तिला आवडलं का? आम्ही आवडलो का?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. टोपल्या विणणाऱ्यानं मान खाली घातली, कारण खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

सोनकी उठून तुळसाजवळ गेली. "तुला आमच्याकडे राहायला आवडेल का?" तिनं विचारलं. "लगेच सांगू नकोस. हवं तर पुढच्या सुगीपर्यंत थांब. तू आमच्यासाठी थांबलीस, तसे आम्ही थांबू."

तुळसा उंबऱ्यावरच बसली. आजवर तिला कुणी असं विचारलं नव्हतं. भावानं तिला शेळ्या राखायला दिल्या होत्या, आत्यानं तिला घर दिलं होतं. तुझ्या मनात काय आहे, हे विचारणारी ही नऊ वर्षांची पोर पहिलीच. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मानेनंच हो म्हटलं. मग म्हणाली, "पुढची सुगी कशाला? माझं केव्हाच ठरलंय."

गाठोडं बापानं आपल्या हातानं उचलून आत नेलं.

सोनकीला एक अडचण मात्र उरली. या बाईला हाक काय मारायची, ते तिला सुचेना. ती अवघडून विचारायला गेली, तेव्हा तुळसानंच तिला मोकळं केलं. ती म्हणाली, "आई हा शब्द तुझ्या आईचा. तो तिच्याकडेच असू दे. मला हाक सुचेल तेव्हा मार, मी ओ देईन." पुढं काही दिवसांनी नदीवरून भरली घागर आणताना सोनकीचा पाय घसरला, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "माय!" तुळसा धावत गेली. तेव्हापासून ती माय झाली, आधी सोनकीची आणि हळूहळू सगळ्या आळीची.

सोनकी मोठी झाली, सासरी गेली, तिला लेकरं झाली. दिवेलागणीला देवापुढं हात जोडताना ती दोघींची नावं घ्यायची. लेकरं विचारायची, की आई, तुला दोन आया कशा? ती सांगायची, "एकीनं मला जन्म दिला. दुसरी माझी वाट बघत राहिली. दोघींचे उपकार मला फिटायचे नाहीत, आणि फिटूही नयेत."

तर मंडळी, ध्यानात ठेवा: घरात आणलेला जीव ओढून आपला होत नाही, प्रेमानं वाट पाहिली, की तो आपल्या पायांनी चालत येतो.