मागे न वळलेला तोबीया

एकदा काय झालं, गालील आणि शोमरोन या दोन मुलखांच्या शिवेवर एक गाव होतं. त्या गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, दहा माणसं राहायची. दहाही जणांना कुष्ठरोग झालेला. त्या काळी, बरं का, हा रोग झाला की माणसाला गावात ठेवत नसत. घर सोडायचं, बायकापोरं सोडायची, आणि वाटेनं कोणी येताना दिसलं की आपणच ओरडायचं, "लांब राहा, लांब राहा!"

त्या दहांतला एक तोबीया. तोबीयाचा तेलाचा घाणा होता. तिकडे जैतून नावाचं झाड असतं, त्याच्या फळांचं तेल काढायचा तो. एके दिवशी त्यानं चुलीवरची तापलेली कढई नुसत्या हातानं उचलली. कातडी भाजली, धूर निघाला, आणि तोबीयाला काही कळलंच नाही. त्याची बायको तिर्सा किंचाळली, "अहो, हात! हात बघा!" तेव्हा कुठे त्यानं हाताकडे पाहिलं. या रोगात कातडी बधिर होते, म्हणून दोघांनाही कळलं, हे काय आहे ते. आठ दिवसांत तोबीया ओढ्यापलीकडे गेला.

त्याची लेक मिल्का तेव्हा रांगत होती. तिर्सा एकटीनं घाणा ओढायची, आणि दर आठवड्याला ओढ्याकाठच्या खडकावर भाकऱ्या ठेवून लांब जाऊन उभी राहायची. मिल्काला दोन्ही हातांनी वर धरायची, बापाला दिसावी म्हणून. असं करता करता मिल्का सहा वर्षांची झाली. वर धरण्याएवढी राहिली नाही. मग तोबीयाला लांबून नुसता तिचा झगा दिसायचा.

त्या दहांत एक मनश्शे होता. तो शोमरोनचा. तोबीयाच्या गावची माणसं शोमरोनच्या माणसाच्या हातचं पाणी पीत नसत, त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. पण ओढ्यापलीकडे कसला उंबरा? दहा जणांत एकच मडकं. तोबीयाच्या पायाला जखमा झाल्या, त्या मनश्शेनं धुतल्या. तोबीयाला ताप भरला तेव्हा मनश्शे त्याच्या उशाशी बसून राहिला. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्यानं केलं.

मग एके दिवशी त्या वाटेनं येशू गुरुजी निघाले होते. ते आजारी माणसांना बरं करतात, हे दहाही जणांनी ऐकलं होतं. ते सगळे लांबच उभे राहिले आणि ओरडले, "गुरुजी, आमच्यावर दया करा!" तोबीयाला ऊन डोळ्यांवर येत होतं. त्याला गुरुजींचा चेहरा काही दिसला नाही, नुसता आवाज ऐकू आला. गुरुजी म्हणाले, देवळातल्या याजकाकडे जा आणि त्याला अंग दाखवा. याजक म्हणजे पुजारी. त्यानं तपासून बरा म्हटलं, की मगच माणसाला गावात घ्यायचे.

दहा जणांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात तसेच. तरी ते निघाले. पहिली टेकडी ओलांडली, काही नाही. दुसरी ओलांडली, काही नाही. तिसरीच्या चढावर तोबीया एकदम ओरडला, "आई गं!" त्याच्या पायात काटा गेला होता. आणि दुखलं, बरं का! इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुखलं. तोबीया तिथेच खाली बसला आणि पाय हातात धरून हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. बघतो तर बोटं नितळ, कातडी मिल्काच्या कातडीसारखी. दहाही जण बरे झाले होते.

मनश्शे म्हणाला, "मी मागे जाऊन येतो. बरे झालो हे त्यांना सांगायला हवं. तोबीया, चल की."

तोबीया म्हणाला, "तू हो पुढे. आधी माझ्या पोरीला एकदा उचलून घेतो, मग येतोच."

यात त्याचं काय चुकलं, असं वाटतं ना? त्यालाही तसंच वाटलं. मनश्शे मागे वळला, आणि नऊ जण पुढे गेले.

याजकानं तोबीयाला बरा म्हटलं. तो पळत घरी आला. मिल्का आईच्या मागे लपली. तिनं बापाला जवळून कधी पाहिलंच नव्हतं ना! मग थोड्या दिवसांनी ती जवळ यायला लागली. एके सकाळी तिनं त्याचं बोट धरलं. त्याच सकाळी शेजारी सांगत आला, गुरुजी गालीलच्या सरोवराकाठी आलेत म्हणून. तोबीयानं बोटाकडे पाहिलं. म्हणाला, पोर आत्ताशी जवळ आलीय, पुढच्या वेळी जाऊ.

मग जैतुनाचा हंगाम आला. पोती दारात येऊन पडली. पुन्हा निरोप आला, गुरुजी टेकडीपलीकडे आहेत. तोबीया म्हणाला, फळं सडतील, एवढा घाणा उरकू दे.

मग तिसऱ्यांदा गुरुजी अगदी शेजारच्या गावात आले. आता मात्र तोबीया निघाला. त्या गावाच्या वेशीपर्यंत गेला. तिथे ही गर्दी! गर्दीच्या मधोमध त्याला गुरुजींची पाठ दिसली. तोबीयाचे पाय थबकले. मनात आलं, इतके महिने झाले, आता कोणत्या तोंडानं जाऊ? काय सांगू, घाणा होता म्हणून? आणि तो तिथूनच परत फिरला. दोन हाका मारल्या असत्या तर ऐकू गेल्या असत्या, बाळांनो. इतका जवळ होता.

मग एका दुपारी मनश्शे त्याच्या दारात आला. आता तो गुरुजींच्या माणसांबरोबर गावोगाव फिरत होता. पायांवर धूळ, चेहरा मात्र आनंदानं फुललेला. त्यानं हाक मारली, "तोबीया!"

तोबीया बाहेर आला. शेजारचे लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. शोमरोनचा माणूस हा, आता तोबीया काय करतो बघू. तोबीयाच्या तोंडातून 'आत ये' हे दोन शब्द काही निघेनात. त्यानं एका फुटक्या कानाच्या मडक्यात पाणी आणलं आणि बाहेरच दिलं.

मनश्शेनं मडक्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे पाहिलं. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी परत गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत?"

तोबीयाची मान खाली गेली. "रागावले होते?"

"नाही रे. एखाद्याच्या घरची माणसं जेवायच्या वेळेला आली नाहीत, की तो कसा विचारतो, तसं विचारलं." मग मनश्शे निघाला. "आम्ही सणाला यरुशलेमला चाललोय," एवढं सांगून गेला.

तिर्सानं ते मडकं उचललं. ती फार बोलणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी म्हणाली, "अहो, पलीकडे तुम्ही दोघं एकाच मडक्यातलं पीत होता ना?"

तोबीयानं त्या मडक्याकडे पाहिलं. आपलं अंग बरं झालं आणि आपण असे झालो, हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानं तेलाचा एक बुधला घेतला, मिल्काचा मुका घेतला, आणि त्याच पावली यरुशलेमची वाट धरली.

चालला, चालला, खूप चालला. शहराच्या वेशीवर एक बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. तोबीयानं विचारलं, "बाई, येशू गुरुजी कुठे भेटतील?" ती म्हणाली, "उशीर केलास रे बाबा. काल त्यांना क्रुसावर खिळलं. मारून टाकलं त्यांना."

तोबीया तिथेच भिंतीला टेकून बसला. काल. एका दिवसानं हुकलं. आणि खरं सांगायचं तर एका दिवसानं नाही, तीनदा हुकलं होतं. त्याला आभाराचा एकच शब्द सांगायचा होता, आणि तो ऐकणारे कान आता नव्हते. त्यानं अन्न खाल्लं नाही, पाणी घेतलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे त्याला मनश्शे सापडला. धावतच येत होता. तोबीयानं त्याचे पाय धरले. "मनश्शे, मी तुला दाराबाहेर पाणी दिलं."

"ऊठ," मनश्शे म्हणाला. "ते मी तिथेच सोडून आलो. ऐक आधी! थडगं रिकामं आहे. गुरुजी उठलेत. आमच्यातल्या बायकांनी त्यांना बघितलं!"

"मला भेटतील?"

मनश्शे खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार."

तोबीया म्हणाला, "तुझं ठीक आहे. तू मागे वळलास. मी कुठल्या तोंडानं बरं झालेलं अंग घेऊन फिरू?"

तेव्हा मनश्शेनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "वेड्या, मी मागे वळलो म्हणून मी बरा झालो का? मी वळायच्या आधीच आपण दहाही बरे झालो होतो. तू नाही आलास, म्हणून त्यांनी तुझी बोटं परत घेतली का? सांग ना, घेतली?"

तोबीयानं आपल्या बोटांकडे पाहिलं. आणि तो लहान पोरासारखा रडला.

"मग आता मी काय करू?"

"त्यांच्या वाटेनं चालायला लाग," मनश्शे म्हणाला. "आजपासून."

मग तोबीया घराकडे निघाला. वाटेत एका गावाबाहेर चिंध्या पांघरलेली एक म्हातारी ओरडली, "लांब राहा, लांब राहा!" तोबीया थांबला. आणि लांब न जाता सरळ तिच्याकडे गेला. ती घाबरून मागे सरकायला लागली. तो म्हणाला, "आजी, बसा. पाय दाखवा." बुधला उघडला आणि तिच्या जखमांना तेल लावलं. तिला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

त्या दिवसापासून तोबीयानं हेच केलं. आठवड्याचे काही दिवस घाणा, आणि बाकीचे दिवस अशा माणसांमध्ये. गाव आधी नाकं मुरडायचं, मग हळूहळू गप्प झालं. मनश्शे आला की सगळ्यांदेखत घरात यायचा, आणि तिर्सा त्याला पहिलं ताट वाढायची. मिल्का मोठी झाली, तिचं चांगलं झालं.

पण गुरुजींचा चेहरा तोबीयाला कधी पाहायला मिळाला नाही, बरं का. म्हातारपणी कोणी विचारलं, गुरुजी दिसायला कसे होते, तर तो हातातला बुधला खाली ठेवायचा. मग म्हणायचा, "मी मागे वळलोच नाही रे." आणि आपल्या कामाला लागायचा.

तरी ती सगळी माणसं सुखात राहिली. आता तुम्हीही पांघरूण ओढा, डोळे मिटा. आज कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर उठल्याबरोबर सांगून टाका. झोपा हं आता.