बाबल तारी आणि मिजासेचा धोंडा

फार वर्षांपूर्वी, सातवणीच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, बाबल तारी होडीतून माणसं पलीकडे सोडायचा. "ही खाडी मी डोळे मिटून पार करतो," असं तो छातीवर हात मारून सांगायचा, आणि लगेच म्हणायचा, "एकदाच मिटले होते, तेव्हा होडी गेली कांदळवनात अन् मी गेलो चिखलात!"

त्याचा एक नेम होता. होडीत चढण्याआधी प्रत्येकानं एक धोंडा काठावर ठेवायचा आणि म्हणायचं, "ही माझी मिजास." कुणी विचारलं तर सांगायचा, "अभिमान खुशाल आणा, तो आपल्या अंगावर मावतो. मिजास दुसऱ्याच्या डोक्यावर बसते, तिचा भार होडीला सोसत नाही."

एकदा गावचे खोत आवडाय नावाच्या सुईणीला घेऊन धावत आले. पलीकडे त्यांची लेक अडली होती. खोत धोंडा न ठेवताच चढले. होडी हलेना. त्यांनी सुपारीएवढा खडा ठेवला. तरी हलेना. शेवटी डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मोठा धोंडा उचलून ठेवला.

बाबल खदखदून हसला. "बघितलंस आवडाय? खोताला वाकवला मी!"

होडी आणखीच रुतली.

"भावजी, तिकडं पोर जीव सोडतेय," आवडाय म्हणाली. "सगळ्यांची ठेवून झाली. तुमची कुठंय?"

बाबलचं हसू विरलं. तो खाली उतरला आणि चौघांना न हलणारा धोंडा एकट्यानं काठावर आणून ठेवला, असं म्हणतात. मग वल्हं न मारता होडी सरसर निघाली, असंही म्हणतात. लेक सुटली, नातू रडला. आणि खोत म्हातारे होईपर्यंत दर वर्षी येऊन बाबलच्या होडीला हात जोडून जात.

आता तिथं पूल आहे. तरी सातवणीत "मिजास करू नकोस" असं कुणी म्हणत नाही. "मिजास ठेवून आलास का?" असं विचारतात. नवा सरपंच असो, नवी नवरी असो, पुलाआधी गाडी थांबते, धोंडा ठेवला जातो, आणि "बाबलबाबा, तुझ्यामुळं पार झालो" म्हणून हात जोडले जातात.

परवा एक नवे जावई गाडीतून उतरेचनात. "आमच्यात मिजास नावालाही नाही हो," म्हणाले.

रस्त्याकडेला कालवं विकणारी म्हातारी म्हणाली, "मग जावईबापू, तुम्ही दोन ठेवा."