त्याच्या आईला कुणी सांगितलं?

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध रहस्यकथाकार राहत होते. त्यांची एक शिष्या होती. तिच्या पहिल्याच कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, आणि तिथूनच बाईची झोप उडाली. दुसरी फसली तर लोक म्हणणार, पहिली नशिबाने जमली! तीन वर्षं ती नवी कादंबरी लिहीत होती. खुनी कोण, हे तिने नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

अखेर तिने वही गुरूंपुढे ठेवली. गुरूंनी ती वाचली आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या सरूबाईंना हाक मारली. म्हणाले, "सरूबाई, ही हिची नवी गोष्ट. यात शेटजींच्या मुलाचा खून मॅनेजरने केलाय. आता वाचा."

शिष्या ओरडली, "गुरुजी, हे काय केलंत!"

गुरूंनी वही सरूबाईंच्या हाती दिली.

आठ दिवसांनी सरूबाई वही परत घेऊन आल्या. पिठाळलेल्या बोटांचे ठसे तिसाव्या पानापर्यंत होते. पुढची पानं स्वच्छ.

"बघा! तुम्ही नाव फोडलंत, म्हणून सोडली त्यांनी," शिष्या रडवेली झाली.

गुरूंनी विचारलं, "सरूबाई, हिचं पहिलं पुस्तक किती वेळा वाचलंत?"

"चारदा. मग सुनेने लपवूनच ठेवलं. म्हणाली, गिऱ्हाईकं खोळंबतात."

"त्यातला चोर ठाऊक असून?"

"असेना का ठाऊक! ती पोर एकटी विहिरीवर जाते ना अण्णा, तिथं दर वेळी माझा जीव खालीवर होतो."

"मग ही का सोडलीत?"

सरूबाई ओशाळल्या. "रागावू नको हं बाई. पोरगा पहिल्याच पानावर गेला. फौजदार आला, डॉक्टर आला, पेपरवालासुद्धा आला. पण त्याच्या आईला कुणी सांगितलंच नाही गं! तीस पानं वाट बघितली. पुढं वाचवेना."

त्या मुलाला आई असेल, हे शिष्येच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गुरू म्हणाले, "पोरी, तीन वर्षं तू स्वतःचीच चिंता वाहिलीस. म्हणून सारा जीव खुन्याला लपवण्यात गेला, आणि मेलेल्याचं घर बघायचं राहिलं. वाचक उत्तर शोधायला येतो खरा, पण थांबतो तो कुणाच्या तरी काळजीने."

घरी येऊन तिने वही उघडली. पहिल्या पानानंतर आता नव्या पानावर एक बाई मुलासाठी ताट झाकून दाराकडे बघत बसली. लिहिता लिहिता पुरस्कार कुठल्या कुठे राहिला. आता या माउलीला सांगायचं कसं, एवढी एकच चिंता तिला उरली.