वेल भरली की जा

“भुईला टेकली, आप्पा. आता तरी जाऊ का?”

मठाच्या ओसरीवर आप्पा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय टेकलं?”

“वेल.”

वीरभद्र हा आप्पांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि हे सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःलाच कळलं होतं. पलीकडच्या गावात नवा मठ झाला होता. तिथं प्रवचनाला माणूस हवा होता. वर्षापूर्वी त्यानं जायची परवानगी मागितली, तेव्हा आप्पांनी त्याच्या हातात एक कुंडी दिली. तीत चंदेरी-जांभळ्या पट्ट्यांची, लोंबत वाढणारी वेल होती.

“खोलीत ठेव. भरली की जा,” एवढंच म्हणाले होते.

वीरभद्र हट्टाला पेटला. कुंडी शिंक्यात टांगली. वाऱ्यानं शेंडा मोडू नये म्हणून खिडकी लावून घेतली. कुणाला एक पान तोडू दिलं नाही. रोज विती मोजायचा.

आप्पा उठले, खोलीत आले.

वेल खरंच जमिनीला टेकली होती. पण कुंडीपाशी नुसत्या काड्या होत्या, मधे कुठंतरी एखादं पान, आणि जांभळा रंग पार उडालेला.

“हिचा रंग कुठं गेला रं?”

आप्पांनी खिडकी उघडली. उजेड आत आला.

“वर काय हाय?”

“बुडखा.”

“खाली?”

“शेंडा.”

“आन् मधी?”

वीरभद्रानं मधली उघडी काडी बोटांत धरली.

“गेल्या सोमवारी प्रवचनात किती बोललास?”

“तीन तास,” वीरभद्र ताठ मानेनं म्हणाला. “एकही दृष्टांत गाळला नाही.”

“शेवटाला कोण बसलं हुतं?”

“...तुम्ही.”

“मलाबी डुलकी लागली हुती.”

आप्पा वाकले आणि एक शेंडा त्यांनी नखानं खुडला.

वीरभद्रानं झटकन त्यांचा हात धरला. गुरूचा हात! धरला आणि तो स्वतःच ओशाळला.

“आप्पा, वर्ष घातलंय हिच्यात.”

आप्पांनी हात सोडवून घेतला. खुडलेला शेंडा कुंडीतल्या उघड्या मातीत खोचला आणि शेंगा फोडायला निघून गेले.

वीरभद्र तिथंच उभा राहिला. त्याला रडू आलं, रागही आला. मग ओठ घट्ट मिटून त्यानं कुंडी खाली उतरवली आणि बसकण मारली. एकेक फांदी हातात घ्यायची, बोटभर ठेवायची, बाकीची खुडायची. पेरं बघून तुकडे करायचे आणि मातीत खोचायचे. पहिल्या चार फांद्या त्यानं अडखळत खुडल्या. पुढं थांबला नाही.

दुपार कलली तेव्हा कुंडीत माती दिसत नव्हती.

तो कुंडी घेऊन ओसरीवर आला. बोटबोटभर खुंट, बघण्यासारखं काही नव्हतं.

“मी जात नाही, आप्पा. आणखी कितीही वर्षं लागू देत. ही भरल्याशिवाय हलणार नाही.”

आप्पांनी कुंडीकडे पाहिलं. मग मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

“भरली. सकाळच्या एष्टीनं नीघ.”