आवडीची काठी

तुम्ही आत्ता चपला हातात घेऊन जिथे उभे आहात, नेमक्या त्याच वाळूत ते भांडण चाललं होतं आणि चार दिवस उलटले तरी मिटलं नव्हतं, असं सांगतात. समोर पाण्यात रोवलेली काठी दिसते ना, तिच्यापाशीच.

बाबाजी घाडी एका बाजूला. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं, देवीला माणूस हवं होतं, तिनं घेतलं. आता इथे दगड मांडू, शेंदूर लावू, वर्षाला कोंबडा देऊ, म्हणजे ती पुन्हा मागणार नाही. दुसऱ्या बाजूला ठकूबाई तांडेलीण. तिचं म्हणणं एवढंच, की दगड मांडायचा नाही. का नाही, ते मात्र ती सांगत नव्हती. त्यामुळे भांडण वाढत होतं. तिच्या तोंडाला लागायची एरवी कुणाची छाती नसे, पण या वेळी बायासुद्धा कुजबुजायला लागल्या होत्या, की जाऊ गेली तरी हिची घमेंड काही जात नाही.

सुट्टी काढून या देशात येणाऱ्यांना सात रंगांची माती दाखवतात, धबधबे दाखवतात, विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड दाखवतात. बघा, जरूर बघा. देश एवढासा आहे, चार दिवसांत सगळा बघून होतो. पण या किनाऱ्यावर बोटीत बसलात आणि बोट न सुटताच नावाड्यानं तुम्हाला खाली उतरवलं, तर त्याला नावं ठेवायच्या आधी हे ऐकून घ्या.

मॉरिशसला तेव्हा आपली माणसं मिरच देश म्हणायची. देवगडाकडची काही घरं गलबतातून उतरली ती उसाच्या मळ्यावर राबायला. ठकूबाई त्यातलीच. बाई जातीची दर्यावर्दी. तिचा बाप गलबतावर तांडेल होता आणि पोरगा नव्हता म्हणून त्यानं सगळं तिलाच शिकवलं होतं, म्हणे. चंद्र पाहून ती तिथी सांगायची, आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून भरती कधी, ओहोटी कधी, घटकेचा फरक न पडता सांगायची. इथे आल्यावर दोन वर्षं तिचं गणित एकदाही चुकलं नाही. रविवारी मळ्याला सुट्टी. बाया टोपल्या घेऊन तिच्या दारात येत, ती पेरं मोजी, आणि पाणी ओसरलं की तिच्या मागोमाग सगळ्या त्या पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर शिंपल्या वेचायला जात. उपाशी मळ्यात ती टोपली म्हणजे आठवड्याचं कालवण.

आवडी तिची धाकटी जाऊ, दीर भिवाची बायको. ती डोंगराकडची. पाण्यात उतरताना पेरूच्या लाकडाची एक काठी घेऊन तळ चाचपत चालायची, आणि सगळ्या तिला हसायच्या. सगळ्यांत आधी ठकूबाई.

तो आषाढ होता, वद्य द्वितीया. आपल्या गावी आषाढात दर्याकडे कुणी पाठ करूनसुद्धा उभं राहत नाही. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. इथला आषाढ मात्र कोरडा. आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा नाही. द्वितीयेला सकाळी ओहोटी, दुपारी भरती. ठकूबाईनं पेरं मोजली, वेळ भरपूर आहे म्हणाली, आणि बाया निघाल्या.

अर्ध्या वाटेवर आवडी थांबली. लांब जिथे पोवळ्यांच्या खडकांची कड आहे, तिथून आवाज येत होता, खोल, जात्यासारखा. तिनं काठी रोवली आणि म्हणाली, दर्या गाजता बाय, थांबूया. बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही. ऐकलं ते एकट्या ठकूबाईनं. आणि ठकूबाई हसली.

“तुझ्या म्हायेराक पाणी गाजता ता फक्त हंड्यात.”

काठी तिथेच सोडून आवडी टोपली घेऊन चालू लागली, आणि त्या दिवशी दांड्याच्या पार टोकाला गेली. आपल्याला भीती वाटत नाही, हे तिला दाखवायचं होतं. कुणाला, ते सांगायला नको.

इथल्या जुन्या कोळ्यांनी मागाहून समजावलं, की दक्षिणेला लांब कुठे वादळ झालं, की त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी या बेटावर येतात. आभाळात ढग नसतो, पानही हलत नाही. पाणी खडकांच्या कडेवरून आत चढतं आणि त्या कडेतल्या एकाच खिंडारातून बाहेर पळतं, वाटेत येईल ते घेऊन. त्याला तिथी लागत नाही. आधी कळतं ते एकाच गोष्टीवरून. कड गाजते.

ऐन ओहोटीत पाणी चढलं. ठकूबाईनं बाकीच्या तिघींना केसांना धरून किनाऱ्यावर आणलं, म्हणे. आवडी टोकाला होती. तिची टोपली दुपारी परत आली, ती आली नाही. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा काठी मात्र जिथे रोवली होती तिथेच उभी होती.

भिवा तीन दिवस या वाळूत बसून होता. पाणीसुद्धा घेतलं नाही. मग घाडीनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि सांगितलं, की तुझी बायको बुडाली नाही, देवीनं तिला आपल्यात घेतली. आता ती आपली राखण करील. तेव्हा कुठे भिवानं पहिला घास घेतला. तो घास ठकूबाईनंच भरवला होता. घाडीला खोटं पाडायचं तर दिराच्या तोंडातला तो घास काढून घ्यायचा, हे तिला कळत होतं. आणि गप्प राहायचं तर ज्या तोंडानं हसली त्याच तोंडानं रोज जेवायचं, हेही. लोक म्हणत, बिचारीनं तीन जीव वाचवले. ते ऐकलं की ती उठून आत जायची.

म्हणून चार दिवस ती नुसतीच नको नको म्हणत राहिली, आणि चार दिवस घाडी तिला ऐकवत राहिला. शेवटी तो म्हणाला, की तांडेलाच्या लेकीला देवीपेक्षा आपलं डोकं मोठं वाटतं. एरवी याचं उत्तर त्याला जन्मभर पुरलं असतं. त्या दिवशी ती उठून भिवाला वाढायला गेली.

पुढचा रविवार उजाडला. दगड आणलेला, शेंदूर कालवलेला, कोंबड्याचे पाय बांधलेले. भिवा हात जोडून उभा. आणि मागे बाया उभ्या होत्या, टोपल्या कमरेला लावून. देवीला तिचा मान मिळाला की दांडा मोकळा, असं घाडीनं सांगितलंच होतं. त्यातली एक नवी सून, नुकतीच मळ्यावर आलेली, पुढे झाली आणि आदरानं विचारती झाली, “ठकूबाय, आज नवमी. पाणी दुपारचा ओसारतला मां?”

आणि सांगतात, की ठकूबाईचा अंगठा आपोआप पेरावर गेला.

तिनं खाली आपल्या हाताकडे पाहिलं. एका पेरावरून दुसऱ्या पेरावर गेलेला तो अंगठा तिनं मुठीत दाबून धरला, पाण्यात शिरली, आवडीच्या काठीला धरून उभी राहिली, आणि सगळ्यांकडे तोंड करून एक वाक्य बोलली. एकच. ना रडली, ना क्षमा मागितली.

घाडीनं कोंबड्याचे पाय सोडले. दगड वाळूतच राहिला. पुढे कुणी त्याच्यावर जाळी सुकत घातली. भिवानं जोडलेले हात खाली घेतले आणि त्यानंतर तो वयनीशी जन्मभर बोलला नाही. पण काठी खाऱ्या पाण्यानं कुजायला आली, की आषाढाच्या तोंडाला पेरूचं ताजं लाकूड तासून तिच्या दारात ठेवलेलं असायचं. ते कोण ठेवतं, हे तिनं कधी विचारलं नाही. पेरं तिनं पुन्हा मोजली नाहीत. मरेपर्यंत, म्हणे, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती या काठीपाशी कान देऊन उभी राहायची.

आजही इथे पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी काठीसमोर थांबायचं असतं. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि त्यातलं कुणीही, म्हातारं असो, पोर असो, काल विमानातून उतरलेला पाहुणा असो, ‘थांबूया’ म्हणालं, की त्या दिवशी होडी जात नाही. का म्हणून विचारायचं नाही. हॉटेलवाले चिडतात, पाहुणे घड्याळ दाखवतात, चालायचंच. पुष्कळदा पाणी दिवसभर ताटातल्यासारखं शांत राहतं आणि सगळ्यांचा रविवार फुकट जातो. जाऊ दे. हसायचं तेवढं नाही.

इथे देऊळ नाही, नैवेद्य नाही. आजही आषाढ वद्य द्वितीयेला ठकूबाईच्या घरातली थोरली बाई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन काठी बदलते, आणि घाडीसमोर, भिवासमोर, टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर ठकूबाई जे बोलली, ते तिच्याच शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते:

“आवडी माका म्हणाली होती, दर्या गाजता बाय, थांबूया, आणि मी तिका हसलंय.”