गंज उतरताना

“...पण नेमक्या त्याच वेळी ते तोंड का फिरवतात?” प्रमिला देशकरांनी विचारलं.

सोनामाय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. अचलपूरजवळच्या त्या लहानशा मठात तिची चाळीस वर्षं गेली होती.

“कोन्या वेळी?”

“गाडी नवी होते तेव्हा.”

“कोनती गाडी?”

प्रमिलाबाई थबकल्या. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, पण आज सुरुवातच सुटली होती.

“टीव्हीवर लागतं, माय. जुन्या मोडक्या वस्तू दुरुस्त करतात. गंजलेल्या मोटारी, बंद पडलेली घड्याळं... मी रोज दुपारी बघते. फार आवडतं मला. गंज कशानं निघतो, रंगाचे हात किती द्यायचे, सगळं तोंडपाठ आहे.”

“अन् घरधनी?”

“शेजारीच बसतात. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. गाडी खोलून एकेक भाग पसरून ठेवतात ना, तोवर अगदी डोळे लावून बघतात. आणि रंग चढला, गाडी चमकली, की भिंतीकडे वळतात.”

सोनामाय शेंगा सोलत राहिली.

“मला राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते... बघणं सोडून देऊ का?”

“आवडते तर पाह्य ना, बाप्पा.”

“मग त्यांचं काय?”

सोनामायनं उलट विचारलं, “हाताले काही व्यायाम नाही सांगतला?”

“सांगितला होता. मूठ धरायची, हळूहळू बोटं सोडवायची. सहा महिने केला. रोज वहीत लिहून ठेवलं. काडीचा फरक पडला नाही. मग... बंद केला.”

सोनामायनं सूप बाजूला सारलं. आपली मूठ आवळली आणि प्रमिलाबाईंपुढं धरली.

“उघड.”

प्रमिलाबाईंनी एक बोट ओढून पाहिलं. मग दुसरं. ऐंशी वर्षांची ती मूठ हलेना.

“आणखी जोर लावला तर दुखेल तुम्हाला.”

“मंग नको लावू.”

काय करावं, कळेना. त्यांनी ती मूठ नुसती दोन्ही हातांत धरून ठेवली. ती ऊबदार होती. मनगटाशी नाडी उडत होती. घरची ती मूठ शेवटची कधी हातात घेतली होती, ते त्यांना आठवेना.

ऊन पायरीवरून सरकत खाली गेलं...

कधीतरी बोटं सुटली.

प्रमिलाबाईंनी वाकून पाहिलं.

“यात तर काहीच नाही.”

“नाही.”

“मला नाही कळलं, माय.”

सोनामायनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“मंग एवढा वेळ धरून काऊन बसली होती?”